पोपट चावण्याआधी काय सांगतो

पोपट सहसा न सांगता चावत नाही. बुबुळं भराभर लहान-मोठी होतात, शेपटी पंख्यासारखी पसरते, मानेवरची पिसं उभी राहतात. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली की हात मागे घ्या. नुसती बुबुळं नाचत असतील तर स्वारी खुशीतही असू शकते. आवडता खाऊ पाहूनसुद्धा तसं होतं.

चावलाच तर हात झटकू नका, ओरडू नका. तुमचा आरडाओरडा ही त्याच्या लेखी फुकटची करमणूक. गुपचूप दांडीवर ठेवा, 10-15 सेकंद पाठ फिरवा. तासभर कोंडलंत तर शिक्षा कशाची हेच त्याला कळत नाही.

हातावर यायला शिकवताना रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं पुरे. बोट आडवं धरून पायांच्या जरा वर, पोटाच्या खालच्या बाजूला अलगद टेकवा, ‘ये’ म्हणा. पाय ठेवताक्षणी सूर्यफुलाची एकच बी. चढण्याआधी तो चोचीने बोट चाचपतो. तो चावा नव्हे, आधार किती पक्का आहे याची खात्री आहे. नेमका तेव्हाच हात ओढलात की पुढच्या वेळी खरंच चावेल.

रात्री 10 ते 12 तास अंधार आणि शांतता हवी. झोपमोड झालेला पोपट दिवसभर चिडचिडा असतो. विणीच्या काळात पाठ, पोट कुरवाळू नका, डोकं-मानच खाजवा. घरट्यासारखी वाटणारी खोकी, अंधारे कोपरेही बंद करा.

दिवसभर पिसं फुगवून बसणं, श्वासागणिक शेपटी हलणं हा रुसवा नाही, आजार आहे. त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.