नववीचा अर्ज भरण्याआधी अकरावीचा विचार

आठवीची वार्षिक परीक्षा संपते आणि शाळेकडून एक साधा कागद घरी येतो. त्यावर भाषा कोणत्या आणि सहावा विषय कोणता, एवढेच विचारलेले असते. इंदूरमधील बहुतेक मराठी घरांत तो कागद पाच मिनिटांत भरला जातो, कारण खरी निवड दहावीनंतरच करायची असते अशी आपली समजूत असते. या शहरात अनेक वर्षे नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवताना मला मात्र असे दिसले आहे की, ‘मॅथ्स घ्यायचे की बायो’ हा वाद घरात सुरू होईपर्यंत त्याचे निम्मे उत्तर आधीच देऊन झालेले असते. सीबीएसई नववी आणि दहावी हा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम मानते. नववीत ज्या विषयांची नोंदणी होते त्यांचीच दहावीला परीक्षा द्यायची असते, आणि मध्येच विषय बदलणे सोपे नसते.

म्हणून सुरुवात शेवटाकडून करावी. मुलाला किंवा मुलीला आवडू शकतील अशी तीन-चार क्षेत्रे कागदावर लिहावीत आणि प्रत्येकापुढे बारावीला कोणते विषय सक्तीचे आहेत ते मांडावे. एमजीएम मेडिकल कॉलेजचे स्वप्न असेल तर नीटसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी आणि इंग्रजी लागते. आयआयटी किंवा जीएसआयटीएसमध्ये अभियांत्रिकी शिकायची असेल तर गणित अटळ आहे. आर्किटेक्चरलाही गणित लागते, हे चित्रकला उत्तम असलेल्या मुलांच्या पालकांना बरेचदा उशिरा कळते. वैमानिक होण्यासाठी फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतात. एनडीएच्या लष्करी शाखेला कोणत्याही शाखेतील बारावी चालते, परंतु हवाई दल आणि नौदलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित हवे. कायदा आणि सीए यांना शाखेचे बंधन नाही. आयआयएम इंदूरने २०११ साली सुरू केलेल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षेत मात्र गणिती प्रश्नांचा मोठा वाटा असतो. अशी यादी हाताने लिहून काढली की कोणता विषय सोडल्यास किती वाटा बंद होतात हे मुलालाही दिसते, आणि गणित सोडल्यावर सर्वांत जास्त वाटा बंद होतात हे वेगळे सांगावे लागत नाही.

सर्वांत जास्त घाई होते ती इथेच. २०१९-२० पासून सीबीएसईच्या दहावीला गणिताच्या दोन पातळ्या आहेत, स्टँडर्ड आणि बेसिक. दोघांचा अभ्यासक्रम एकच असतो, लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे हेही सारखेच. फरक केवळ प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यात असतो. मूळ नियमाप्रमाणे बेसिक घेतलेल्या विद्यार्थ्याला अकरावीत नेहमीचे गणित घेता येत नव्हते. २०२० मध्ये मंडळाने ही अट सैल केली, पण विद्यार्थ्याची क्षमता पाहून मान्यता देण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर ठेवली. व्यवहारात याचा अर्थ असा की, आपल्या मुलाला अकरावीत गणित मिळेल की नाही हे दुसऱ्या कोणाच्या तरी समाधानावर अवलंबून राहते. माझ्या भाच्याने गुण वाढतील या आशेने बेसिक निवडले, दहावीला त्याला उत्तम गुण मिळाले आणि नंतर आर्किटेक्चरची ओढ लागली. त्याच्या शाळेने गणित देण्यास नकार दिला आणि ऐन जूनमध्ये शाळा बदलण्याची वेळ आली. त्या उन्हाळ्यात त्या मुलाने जो मनस्ताप सोसला तो पूर्णपणे टाळता येण्यासारखा होता, आणि त्याची मामी गणिताची शिक्षिका असूनही तिने वेळेवर विचारले नाही याचे मला आजही वाईट वाटते.

मूल गणितात कच्चे आहे असे वाटत असेल तर निर्णयाआधी स्टँडर्डच्या दोन नमुना प्रश्नपत्रिका घरीच, मदतीशिवाय, पूर्ण तीन तास लावून सोडवून घ्याव्यात. निम्म्याच्या आसपास गुण मिळाले तर अडचण सरावाची आहे असे मी मानते आणि स्टँडर्डचाच आग्रह धरते. ‘डॉक्टर व्हायचे आहे, मग गणित कशाला’ हा युक्तिवादही तपासून घ्यावा, कारण अकरावीच्या फिजिक्समध्ये पहिल्या काही आठवड्यांतच सदिश आणि त्रिकोणमिती समोर येतात आणि बायो घेतलेल्या मुलांची सर्वाधिक दमछाक तिथेच होते. ज्यांचा कल निश्चितपणे कॉमर्स किंवा मानव्य विद्यांकडे आहे आणि गणिताच्या धास्तीने ज्यांचे बाकीचे विषयही मागे पडत आहेत, त्यांनी बेसिक निःसंकोच घ्यावे. अकरावीत त्यांच्यासाठी अप्लाइड मॅथेमॅटिक्स आहे, ज्यात वित्तीय गणित आणि संख्याशास्त्र येते. ते शाळेत शिकवले जाते का, हे मात्र आधी विचारावे.

भाषेचा प्रश्न आपल्या घरांत नाजूक असतो. सीबीएसईत दोन भाषांपैकी एक हिंदी किंवा इंग्रजी असावी लागते. मराठी हा विषय सीबीएसईच्या यादीत आहे, आणि मध्य प्रदेश मंडळाच्या यादीतही आहे. पण यादीत असणे आणि शाळेत शिक्षक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात मराठी केवळ बोलली जात नसून वाचली-लिहिलीही जात असेल, तर ती जरूर घ्यावी, कारण शुद्धलेखनाची सवय या वयात लागली नाही तर पुढे क्वचितच लागते. मूल पुढे मध्य प्रदेशातच राज्यसेवेकडे वळण्याची शक्यता असेल तर हिंदी सोडू नये, कारण तेथील मुख्य परीक्षेत हिंदीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते.

याच टप्प्यावर आणखी एक हिशेब करावा लागतो. दहावी इंदूरला करायची आणि अकरावीला पुण्याला मावशीकडे पाठवायचे, असा बेत अनेक कुटुंबे करतात. महाराष्ट्रातील एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारण नियमानुसार दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हाव्या लागतात. तेव्हा तो कोटा हवा असेल तर स्थलांतर नववीत करावे लागते. अकरावीत जाऊन तो मिळत नाही.

सहाव्या, कौशल्य विषयाकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत. माहिती तंत्रज्ञानासारखा विषय घेतला आणि गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एकात मूल अनुत्तीर्ण झाले, तर त्या जागी हा विषय धरून निकाल लावण्याची तरतूद आहे. एवढ्यासाठी तरी तो घ्यावा.

नववी सुरू होण्यापूर्वी शाळेत जाऊन अकरावीला प्रत्यक्षात कोणते विषयगट मिळतात हे विचारावे आणि शक्यतो लेखी घ्यावे. मानसशास्त्र किंवा भूगोल पुस्तिकेत छापलेला असतो, पण पुरेसे विद्यार्थी नसतील तर वर्ग उघडत नाही. भंवरकुआच्या शिकवणी वर्गांमध्ये असा सल्ला मागायला जाऊ नये असे माझे मत आहे, कारण तिथे जे दोन गट शिकवले जातात तेवढेच पर्याय तुम्हाला सांगितले जातील.

दहावीच्या वर्षी शाळा परीक्षार्थींची यादी मंडळाकडे पाठवते, त्याआधी तिची प्रत मुलासोबत बसून वाचावी. तिथे विषयांची नावे वाचून थांबू नये, कोडही पाहावेत: स्टँडर्ड गणिताचा कोड ०४१ आहे आणि बेसिकचा २४१. पहिला अंक चुकला असेल तर तो त्याच दिवशी शाळेत जाऊन दुरुस्त करून घ्यावा.