अंगणातली अझेलिया: आळं करू नका, उंचवटा करा

न्यू जर्सीपासून व्हर्जिनियापर्यंत एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, पानही दिसू नये इतकी गच्च फुलणारी गुलाबी, लाल, पांढरी झुडपं म्हणजे बहुधा अझेलियाच. ती ऱ्होडोडेंड्रॉनच्याच कुळातली, म्हणजे हिमालयातल्या बुरांशाची भावकी. मेमध्ये फुललेलं रोप हौसेनं आणायचं आणि पुढच्या वसंतात काटक्या उपटून फेकायच्या, हे पुष्कळ घरी घडतं. खापर थंडीवर फोडलं जातं, पण चूक बहुतेकदा लावणीतच झालेली असते.

अझेलियाची मुळं केसासारखी बारीक असतात आणि जमिनीच्या वरच्या फूटभर थरातच पसरतात. त्यांना हवा लागते. आपल्याला सवय खोल खड्डा खणून रोप लावायची आणि भोवती आळं करायची. कोकणातल्या जांभ्यात ते ठीक, पण इथल्या चिकणमातीत आळं म्हणजे डबकं. त्यात मुळं गुदमरतात आणि फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू लागून कुजतात. वरून पानं मरगळलेली दिसतात, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड हातचं जातं.

जागा अशी हवी की सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली असेल. उंच पाइन किंवा ओकच्या विरळ सावलीत ती खूश असते. मेपलखाली नको, त्याची वरवरची मुळं सगळं पाणी ओढतात. काळ्या अक्रोडाच्या मुळांतलं रसायन तिला सोसत नाही. घराच्या काँक्रीटच्या पायातून चुना झिरपतो, म्हणून भिंतीपासून तीन-चार फूट लांब लावा.

मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) ४.५ ते ६ हवा. लावणीआधी तपासून घ्या. रटगर्ससारख्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळा हे काम करतात. सामू एका अंकाने उतरवायला १०० चौरस फुटांना रेताड मातीत साधारण १ पौंड आणि भारी मातीत २ पौंड गंधक लागतं, पण प्रयोगशाळेने आकडा दिला असेल तर तोच धरा. गंधकाचं काम मातीतले जिवाणू करतात, त्यामुळे कित्येक महिने जातात. ॲल्युमिनियम सल्फेट लवकर काम करतं, पण त्यातलं ॲल्युमिनियम या मुळांना बाधतं. लाकडाची राख आणि अंड्याची टरफलं तिच्या आसपासही नकोत. वापरलेल्या कॉफीच्या चोथ्याने माती आम्ल होते ही समजूत तेवढी सोडून द्या; आम्ल बरंचसं कपातच उतरलेलं असतं.

लावणीला सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर उत्तम, नाहीतर एप्रिल. खड्डा हुंडीच्या, म्हणजे मुळांसकट मातीच्या गोळ्याच्या, तिप्पट रुंद, पण हुंडीच्या उंचीपेक्षा इंच-दोन इंच कमी खोल. कुंडीतून काढल्यावर मुळांची गोल गोल जाळी दिसेल. जुन्या सुरीने चार-पाच ठिकाणी वरून खालपर्यंत अर्धा इंच खोल चिरा द्या आणि बोटांनी मुळं मोकळी करा. इथे हात आखडता घेतला, तर दोन वर्षांनी उपटलं तरी कुंडीच्या आकाराचाच गोळा हाती येतो. खणलेल्या मातीत तिसरा हिस्सा पाइनच्या सालीचा बारीक चुरा मिसळून भरा. हुंडीचा माथा जमिनीच्या वर राहिला पाहिजे. बाजूने माती उतरती लावा, माथ्यावर चढवू नका. निव्वळ चिकणमाती असेल तर खड्ड्याच्या फंदात न पडता ८ ते १२ इंचांचा वाफाच उचलून घ्या. वर दोन-तीन इंच पाइनच्या काड्या किंवा साल पसरा, पण खोडाभोवती दोन इंच जागा मोकळी ठेवा. झाडाखाली खुरपणी करायची नाही, तण हातानेच उपटायचं.

पाणी आठवड्याला इंचभर, पाऊस धरून. पहिल्या उन्हाळ्यात एक गोम असते: नर्सरीतल्या हुंडीत साल जास्त असल्याने ती आसपासच्या मातीआधी सुकते. बाहेर ओल, आत खडखडीत. म्हणून बोट खोडाजवळ हुंडीतच खुपसून बघा आणि पाणीही तिथेच द्या.

खत फुलं गेल्यावर एकदाच, आम्लप्रिय झाडांचं, सावकाश विरघळणारं. जुलैनंतर देऊ नका. उशिरा आलेली कोवळी वाढ पहिल्या कडाक्यात जळते, खोडाची सालही फाटते. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर बहुधा सामू चढल्यामुळे लोह मिळत नसतं. तेव्हा खत वाढवू नका, माती तपासा.

पानं वरून राखाडी, ठिपकेदार झाली की एक पान उलटून बघा. खाली काळे, चकचकीत विष्ठेचे ठिपके असतील तर तो लेस बग नावाचा किडा. भर उन्हातल्या झाडांवर तो हमखास येतो. अंडी पानाच्या मधल्या शिरेत हिवाळा काढतात आणि वसंतात फुटतात. पिल्लं दिसताच बागकामाचा साबण किंवा तेल पानांच्या खालच्या बाजूला फवारा. वरून फवारलेलं वाया जातं. पानांवर जाड, फिकट फुगवटे दिसले तर ती बुरशीची गाठ. पांढरी भुकटी धरायच्या आत खुडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही.

पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, म्हणून छाटणी फुलं सरल्यावर तीन आठवड्यांत उरका. ऑगस्टनंतर कात्री लावली तर येणारा बहरच कापला जातो. लाकडी कुंपणासारखी सपाट भादरू नका. लांब गेलेली फांदी आत हात घालून दुबेळक्यापाशी तोडा. जुनं, पायथ्याशी उघडं पडलेलं झुडूप असेल तर दरवर्षी एक तृतीयांश जुन्या फांद्या जमिनीपासून फूटभरावर कापा. तीन वर्षांत ते नवं होतं आणि फुलंही पूर्ण जात नाहीत.

हरणं हिवाळ्यात कळ्या फस्त करतात; नोव्हेंबरमध्येच जाळी लावा. पानं-फुलं सगळीच विषारी आहेत, तेव्हा रांगतं मूल किंवा कुत्रा असेल तर झाड त्यांच्या वाटेवर नको.

रंग ठरवायचा असेल तर वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममधली अझेलियांची टेकडी एप्रिलअखेर बघून या. बेंजामिन मॉरिसन यांनी मेरीलँडमध्ये तयार केलेले ग्लेन डेल संकर तिथे आहेत. चारशेहून अधिक वाण त्यांनी दिले. नाव टिपून घ्या आणि वाणाची पूर्ण वाढ विचारूनच खिडकीखाली लावा, कारण त्यातले काही सहा फुटांच्याही वर जातात.