नव्या आखूड एअर रायफलचा ट्रिगर ‘कडक’ वाटतो? अ‍ॅलन की उचलण्याआधी या चुका टाळा

नवी आखूड एअर रायफल घरी आली आणि पहिले वीस-पंचवीस छर्रे कागदावर गेले, की दोन तक्रारी ठरलेल्या: ट्रिगर फार कडक आहे आणि ग्रुप (कागदावरच्या छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका) बसत नाही. मग दुसरीचं खापर पहिलीवर फुटतं, अ‍ॅलन की बाहेर निघते आणि धडधाकट ट्रिगर बिघडवला जातो. बहुतेक वेळा दोष ट्रिगरचा नसतो. सैल स्क्रू, चुकीची पकड किंवा खराब छर्रे यांनी ग्रुप पसरलेला असतो. म्हणून तपासणी त्या क्रमाने करायची आणि ट्रिगरला हात सर्वांत शेवटी लावायचा.

हे सगळं आखूड ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी मध्ये मोडून छर्रा भरायच्या रायफलींबद्दल आहे. त्या स्प्रिंग किंवा गॅस पिस्टनवर चालतात, नळीचा व्यास .१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी आणि वजन साधारण अडीच ते तीन किलो. पीसीपीचं (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीचं) गणित वेगळं, ते इथे लावू नका.

क्लबच्या रायफलीशी तुलना

२०२२ मध्ये कैरोत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. त्या प्रकारात वापरतात तशी स्पर्धेची रायफल एकदा क्लबमध्ये हाताळली, की घरची स्प्रिंग रायफल ओबडधोबड वाटणारच. स्पर्धेच्या रायफलचा ट्रिगर शंभरेक ग्रॅमवर सुटतो. एअर पिस्तुलाला आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात किमान ५०० ग्रॅमची अट आहे, रायफलला तशी अट नाही. शिवाय ती रायफल साडेपाच किलोपर्यंत जड असू शकते आणि दाबलेल्या हवेवर चालत असल्याने तिला धक्का जवळजवळ नसतो.

आता हिशोब करा. पाच किलोची रायफल आणि १०० ग्रॅमचा ट्रिगर, म्हणजे बोटाचा जोर रायफलच्या वजनाच्या पन्नासाव्या भागाइतका. अडीच किलोची आखूड रायफल आणि दीड किलोचा ट्रिगर, म्हणजे जोर वजनाच्या निम्म्याहून जास्त. तोच दीड किलोचा ट्रिगर चार किलोच्या लांब रायफलवर कुणाला खटकत नाही. आखूड रायफल हलकी असल्याने बोटाच्या जोराने तीच हलते आणि आपल्याला वाटतं ट्रिगर जड आहे. स्प्रिंग रायफलला १.२ ते २ किलोचा ट्रिगर नेहमीचाच आहे. तो हलका नसला तरी चालतं, दर वेळी एकाच जागी आणि एकाच जोरावर सुटणं महत्त्वाचं.

पहिल्या टप्प्याला ‘ढिलेपणा’ समजणं

बऱ्याच रायफलींचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तो काही मिलिमीटर सहज मागे येतो, मग भिंत लागल्यासारखा थांबतो. त्यानंतर थोडा जोर वाढवला की सुटतो. नवखा माणूस हे दोन्ही टप्पे एका झटक्यात ओढतो. भिंतीवर बोट आपटतं, रायफल हलते आणि छर्रा भलतीकडे जातो.

नेम धरता धरता पहिला टप्पा संपवा, भिंतीवर थांबा, नेम जुळलेला पाहा आणि मग जोर हळूहळू वाढवा. बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरच्या मध्यावर हवा. बोट स्टॉकला (रायफलच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या अंगाला) बाजूने घासत असेल तर ट्रिगर सरळ मागे न येता तिरका ओढला जातो. बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) लहान असलेल्या रायफलींवर मोठ्या हाताच्या माणसाची ही तक्रार हमखास असते. त्यावर उपाय साधा: मूठ थोडी मागे घ्या, अंगठा स्टॉकवरून पलीकडे न गुंडाळता त्याच बाजूला वर ठेवा.

भिंतीनंतर ट्रिगर अडखळत, खरखरत सरकत असेल तर तो मात्र खरा दोष आहे. तरीही नव्या रायफलवर घाई नको. पिस्टन अडवून धरणाऱ्या सिअरच्या कडा पहिल्या दोन-तीनशे छर्ऱ्यांत एकमेकींवर घासून बसतात आणि खरखर बरीच कमी होते.

अंदाजाने ‘दोन-अडीच किलो असेल’ म्हणणं

सामान तोलायचा लटकता डिजिटल काटा घ्या. जाड दोऱ्याचा फास ट्रिगरच्या मध्यावर, बोट टेकतं तिथेच, अडकवा आणि नळीला समांतर सरळ मागे ओढा. सुटण्याच्या क्षणाचा आकडा टिपा. असं दहा वेळा करा. सरासरीपेक्षा आकड्यांतला फरक जास्त सांगून जातो: सगळे आकडे शंभर-दीडशे ग्रॅमच्या आत असतील तर ट्रिगर निरोगी आहे. एकदा १.४ आणि एकदा १.९ किलो आला तर आत कचरा किंवा कोरडं घर्षण आहे.

हे मोजताना प्रत्येक वेळी छर्रा भरलेला हवा आणि नळी छर्रे अडवणाऱ्या पेटीकडेच हवी. स्प्रिंग रायफल रिकामी उडवायची नसते. छर्ऱ्यामुळे पिस्टनपुढे हवेची उशी तयार होते. ती नसेल तर पिस्टन सिलिंडरच्या तोंडावर थेट आदळतो, सील फाटतं, स्प्रिंगचंही नुकसान होतं. ‘ट्रिगरचा अंदाज घ्यायला’ रिकामी उडवून पाहणं ही पहिल्या दिवसाची सर्वांत महाग चूक.

स्क्रू, सील आणि छर्रे न तपासणं

स्प्रिंग रायफल दोन्हीकडे धक्का देते: पिस्टन सुटताना मागे, तो थांबताना पुढे. त्यामुळे स्टॉकचे स्क्रू सैल होतात. पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक आणि ट्रिगर गार्डला एक-दोन, अशी त्यांची नेहमीची जागा. दर ५०–१०० छर्ऱ्यांनी ते तपासा. पिळवटून घट्ट केले तर लाकूड दबतं, प्लॅस्टिकचा स्टॉक चिरतो. पुन्हा पुन्हा सैल होत असतील तर निळा थ्रेडलॉकर (स्क्रूचे आटे धरून ठेवणारा गोंद) थेंबभर लावा, लाल नको. काल एका नाण्यात मावणारा ग्रुप आज आडवा पसरला, तर पहिला संशय याच स्क्रूंवर घ्यायचा.

नळी जिथे मिटते तिथल्या सीलजवळ टिश्यू पेपरची पट्टी धरून (चिकटपट्टीने, हाताने नाही) एक छर्रा उडवा. पट्टी फडफडली तर हवा गळते आहे. नळी मिटल्यावर डावी-उजवीकडे हलते का तेही बघा. हलत असेल तर बिजागरीचा बोल्ट सैल आहे.

छर्ऱ्यांबाबत कंजुषी भोवते. स्वस्त डब्यात बऱ्याच छर्ऱ्यांचे मागचे घेर चेपलेले निघतात. काचेवर घरंगळवून पाहा, वेडावाकडा फिरतो तो बाजूला. १० मीटरवर कागदासाठी चपट्या तोंडाचा, २० मीटरपुढे गोल तोंडाचा. टोकदार छर्रे डब्यावर छान दिसतात, ग्रुपमध्ये क्वचितच. वजन ७ ते ८.५ ग्रेन (साधारण ०.४५ ते ०.५५ ग्रॅम) ठेवा. अगदी हलका छर्रा पिस्टनला पुरेशी अडवणूक देत नाही, फार जड असला की पिस्टन उसळून मागे येतो. छर्रा बदलला की पहिले दहा मोजू नका, नळी नव्या शिशाला सरावू द्या.

घट्ट पकडणं

हलकी रायफल हातात डगमगते, म्हणून माणूस ती आवळतो. नेमकं उलट करायला हवं. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच पिस्टनच्या धक्क्याने रायफल हलायला लागलेली असते. ती दर वेळी सारखीच हलली तर छर्रे एकाच जागी जातात, पण आवळण्याचा जोर दर वेळी सारखा राहत नाही.

डावा तळवा उघडा ठेवा आणि रायफल त्यावर तोल साधेल अशा जागी, ट्रिगर गार्डच्या थोडं पुढे, नुसती टेकवा. बोटं स्टॉकभोवती गुंडाळू नका. खांद्यावर बट हलकाच. टेबलावर किंवा विटेवर थेट टेकवून मारलं तर छर्रा वर जातो, मग लोक साइट (नेम धरायची खूण) उगाच खाली आणतात. टेकवायचंच असेल तर मध्ये हात ठेवा. आणि ट्रिगर सुटल्यावर सेकंदभर नेम धरूनच राहा, कागद बघायला डोकं उचलू नका.

आखूड रायफलची आणखी एक किंमत आहे. पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर कमी. ते ४० सेंमी असेल आणि पुढची साइट अर्धा मिमी सरकली, तर १० मीटरवर चूक साडेबारा मिमी होते. अंतर ५० सेंमी असतं तर तीच चूक १० मिमी झाली असती. स्पर्धेच्या कागदावर दोन गोलांमधलं अंतर अडीच मिमी असतं, म्हणजे फक्त लांबीच्या फरकाने एक पूर्ण गुण गेला. हाही ट्रिगरच्या नावावर खपवला जातो.

टेलिस्कोप लावला असेल तर एक गल्लत फार दिसते. स्कोपच्या बटणाची पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर ७ मिमी सरकवते, १० मीटरवर जेमतेम ०.७ मिमी. छर्रा १५ मिमी उजवीकडे जात असेल तर वीसेक क्लिक लागतील. चार क्लिक फिरवून ‘स्कोप बिघडला’ म्हणू नका. स्कोप मात्र स्प्रिंग रायफलसाठीच बनवलेला आणि १० मीटरवर फोकस होणारा हवा. माउंट मागे सरकू नये म्हणून स्टॉपर पिन बसवा.

धूर निघतो म्हणून आणखी तेल घालणं

कारखान्यातलं तेल सिलिंडरमध्ये जळतं, त्यामुळे सुरुवातीचे काही डझन छर्रे धूर आणि जोरदार आवाज करतात. वेगही वरखाली होतो. त्या काळातल्या ग्रुपवरून रायफलची किंवा ट्रिगरची परीक्षा करू नये. यावर शिवणयंत्राचं तेल हवेच्या छिद्रात सोडणं म्हणजे तोच त्रास वाढवणं. सिंथेटिक सीलला तेल लागत नाही. जुन्या धाटणीच्या चामडी वॉशरला थोडं लागतं, तेही सिलिकॉनचं. कोकणच्या पावसाळ्यात बाहेरून पातळ तेलाचा हात मात्र फिरवाच, आणि रायफल स्पंजच्या कव्हरमध्ये बंद ठेवू नका. स्पंज ओल धरतो आणि महिनाभरात नळीवर गंज दिसतो.

शक्तीच्या मोहात पडून स्प्रिंग बदलू नका. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिमी व्यास आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलपर्यंत असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. ०.५२ ग्रॅमचा (८ ग्रेन) छर्रा सेकंदाला २७७ मीटर वेगाने गेला की वीस जूल भरले. कागदावर मारायला १० जूल पुरे. आणि रायफल कागदासाठीच. पक्ष्यांवर नेम धरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तुरुंगापर्यंत नेऊ शकतं.

आता ट्रिगरचा स्क्रू

स्क्रू, सील, छर्रे, पकड हे सगळं पाहून झालं, दोन-तीनशे छर्रे उडाले, काट्यावरचे आकडे सारखे आले आणि तरीही जड वाटतोय, तर स्क्रू फिरवायला हरकत नाही. आधी माहितीपुस्तिका बघा, कारण काही रायफलींत स्क्रू जोर बदलतो, काहींत पहिल्या टप्प्याची लांबी, आणि काहींत सिअरची पकडच कमी करतो. तिसरा प्रकार धोक्याचा. स्क्रूच्या खाचेवर मार्करने खूण करा, एका वेळी पाव फेरा आणि प्रत्येक पाव फेऱ्यानंतर काट्यावर पाच मापं. किती फेरे झाले ते लिहून ठेवा, लक्षात राहत नाही.

प्रत्येक बदलानंतर पुढची चाचणी करा. रायफल कॉक करा (नळी मोडून पिस्टन मागे अडकवा), छर्रा भरा, नळी मिटा, सेफ्टी काढा, नळी पेटीकडे, बोट ट्रिगरपासून दूर. रबरी हातोडीने बटाच्या तळाला दोन-तीन बऱ्यापैकी ठोके द्या. सुटली तर सिअर नावापुरताच अडकतो आहे, स्क्रू लगेच मूळ खुणेवर न्या. मूळ जागीही सुटत असेल तर ती रायफल वापरू नका, दुरुस्तीला द्या.

छर्रा भरताना नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवण्याची सवय याच कारणासाठी लावायची. नळी उघडी असताना सिअर सुटला तर ती फटक्यासरशी वर येते आणि छर्रा ढकलणारं बोट मध्ये सापडतं.