जुनी मारुती ८०० घेताना: आधी पत्रा, मग कागद

रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं उभी असलेली मारुती ८०० घेताय, तर रंगाला भुलू नका. पायाखालचं मॅटिंग उचला, टॉर्च मारा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोका. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द आवाज आला, तपकिरी पापुद्रे गळले, तर आत गंज आहे. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली बोट आरपार गेलं होतं. तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, गंज रोखणारं रेड ऑक्साइड मारलं, खालून अंडरकोटिंगचा जाड थर दिला. हे काम मे संपायच्या आत उरका. पावसाळी हवेत रंग धरत नाही. रंगच बदलायचा असेल, तर आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद.

आता कागद. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० सोबत आधार-पॅनच्या झेरॉक्स जातात, आणि ओळखीची चोरी बऱ्याचदा तिथूनच होते. माझ्या मावसभावाने एका एजंटाला व्हॉट्सअॅपवर नुसते फोटो पाठवले. चार महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टमध्ये त्याच्या नावावर भलतंच कर्ज दिसलं. म्हणून प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहा: ‘फक्त गाडी नावावर करण्यासाठी’, गाडीचा नंबर, तारीख, सही. अक्षरं छापील मजकुरावरूनच जाऊ देत. चालेल तिथे शेवटचे ४ आकडेच दिसणारं मास्क्ड आधार द्या, आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक ठेवा. ओटीपी मागणारा अगदी गाववाला असला तरी सांगू नका. पैसे गेलेच, तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.