रॉड टाकलेल्या पायातून पू आला, तर गोळीच्या आधी काय करायचं

हाडांच्या वॉर्डात ड्रेसिंगची ट्रॉली ढकलत माझी नोकरी गेली. आता केजजवळ गावी असते, तरी पाडव्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावरून परतल्या की कुणी ना कुणी ओट्यावर बसून पायाची पट्टी सोडतंच. गाऱ्हाणं ठरलेलं. "सिस्टर, टाके कधीच सुकले होते. फडावर असताना पाणी सुटलं. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, थांबलं. गोळ्या संपल्या की परत सुरू."

तर पहिलं काम: पू दिसला म्हणून मेडिकलमध्ये जाऊ नका. आधी जखमेच्या आतला नमुना तपासायला, मग गोळी. खरं तर सेफिक्झिमसारख्या अँटिबायोटिक औषधांसाठी मार्च २०१४पासून मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून नोंदवहीत पेशंटचं नि डॉक्टरचं नाव लिहायचं असतं. किती जण लिहितात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

गोळीने थांबतं आणि परत का वाहतं? रॉड स्टीलचा असो की टायटॅनियमचा, त्याच्यातून रक्त फिरत नाही. जंतू, आणि ते बहुतेकदा आपल्याच कातडीवरचे स्टॅफिलोकोकस असतात, एकदा धातूपर्यंत पोचले की काही तासांत चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर धरतात. डॉक्टर त्याला बायोफिल्म म्हणतात. रांजणाच्या आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागतं ना, तेच ते. नुसतं विसळून जात नाही, घासावं लागतं. थरातले जंतू वाढ मंदावतात, काही तर निपचित पडून राहतात, आणि बहुतेक अँटिबायोटिक वाढत्या जंतूंवरच चालतात. मोकळ्या जंतूंना पुरतं त्याच्या शंभर ते हजारपट औषध थरातल्यांना लागू शकतं. एवढं माणसाच्या अंगात घालता येत नाही. गोळी थराबाहेर सुटलेले जंतू मारते, पू आटतो. गोळी बंद झाली की आतले पुन्हा बाहेर येतात. त्यात दर खेपेला वेगळी गोळी, तीही तीनच दिवस. त्यातून जे तगतात ते त्या औषधाला दाद न देणारे, आणि पुढे रिपोर्टवर औषधांपुढे ओळीने 'आर' छापून येतो.

घरी करायचं ते एवढंच. हात साबणाने धुवायचे, जखम सलाईनने पुसायची, वर मेडिकलमधली बंद पाकिटातली निर्जंतुक गॉज. हळद, राख, झाडपाला, टूथपेस्ट काही नाही. दाबून पू काढायचा नाही. फोनमध्ये रोज एक फोटो काढा आणि ज्या डॉक्टरने रॉड टाकला त्यांच्याकडेच जा. ते जमत नसेल तर मोठा सरकारी दवाखाना: अंबाजोगाईचं स्वाराती, लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी. थंडी वाजून ताप आला, लाली वर चढत निघाली, माणूस बरळायला लागला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी निघा. तिथे नमुन्याची वाट बघायची की लगेच औषध सुरू करायचं, ते डॉक्टर ठरवतील.

जखमेच्या तोंडावरून कापसाने घेतलेला पू फारसा कामाचा नाही, त्यात वरवरचे जंतू येतात. खरा नमुना ऑपरेशनमध्ये धातूजवळून घेतात, वेगवेगळ्या जागचे साधारण पाच तुकडे. तब्येत धड असेल तर त्याआधी दोनेक आठवडे डॉक्टर अँटिबायोटिक बंद ठेवायला सांगतात. घाबरू नका, आणि चोरून घेऊही नका. काही जंतू इतके सावकाश वाढतात की लॅबवाले १४ दिवस नमुना ठेवतात. तिसऱ्या दिवशी रिपोर्टसाठी खिडकीवर भांडून उपयोग नाही.

"लोखंडच काढून टाका" असा हट्ट नातेवाईक हमखास धरतात. पण हाड धरून ठेवतो तो रॉडच, आणि हाड हलत राहिलं तर संसर्गही हटत नाही. लागण अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतली आणि रॉड पक्का असेल, तर आत धुऊन, सडलेलं काढून रॉड ठेवता येतो. जुनी लागण असेल तर बहुधा काढावा किंवा बदलावा लागतो. हाड जुळायचं बाकी असेल तर कधी जुळेपर्यंत थांबून मग काढतात.

मग औषधं, सहा आठवडे ते तीन महिने. जंतू स्टॅफिलोकोकस निघाला आणि रॉड आतच ठेवला, तर त्यात रिफॅम्पिसिन असू शकतं, कारण त्या थरात चालणाऱ्या मोजक्या औषधांपैकी ते एक. आमच्याकडे नेमकं इथेच घोडं अडतं. ही टीबीची गोळी आहे असं कुणीतरी सांगतं, आणि सून गुपचूप ती फेकून देते. लघवी नारिंगी होते, तेही भीतीचं कारण नाही. पण ती एकटी कधीच घ्यायची नाही, जंतू फार लवकर तिला दाद देईनासे होतात. जोडीची गोळी संपली म्हणून ही एकटी चालू ठेवू नका, दोन्ही संपायच्या आत दवाखाना गाठा. ती गर्भनिरोधक गोळ्या निकामी करते आणि साखरेच्या काही गोळ्यांचा, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा जोर कमी करते. तुम्ही काय काय घेता ते आधीच सांगा. साखर ताब्यात ठेवा. बिडी-तंबाखू हाड जुळू देत नाही, हे मुकादमालाही सांगा.

उचल घेतली असेल आणि दसऱ्यानंतर निघायचंच असेल, तर निदान डिस्चार्ज कार्ड, शेवटचा एक्स-रे आणि कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून तपासल्याचा, रिपोर्ट यांचे फोटो घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा. कार्डावर चार गोष्टी लिहून घ्या: रॉड कोणत्या तारखेला टाकला, कोणता जंतू निघाला, कोणतं औषध चालतं, कोणतं चालत नाही. कारखान्याजवळचा डॉक्टर तुम्हाला ओळखत नाही. तो हे वाचून औषध लिहील.