वनविहारला फॅमिली घेऊन जाताय? आधी या चुका टाळा

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले, दिवाळीची सुट्टी लागली किंवा नुसता रविवार आला तरी आमच्या घरात एक प्रश्न ठरलेला असतो, पोरांना घेऊन कुठं जायचं. मग कोणीतरी म्हणतं चला वनविहारला. विजापूर रोडवरचं आपलं सिद्धेश्वर वनविहार, शहराला चिकटून असलेलं वनखात्याचं जंगल. सोलापूरसारख्या माळरानाच्या, जेमतेम पाऊस पडणाऱ्या गावात एवढी झाडी चालत फिरायला मिळते ही लै मोठी गोष्ट आहे आणि माझा त्या जागेवर मनापासून जीव आहे. म्हणूनच वाईट वाटतं, दर वेळी एखादं तरी कुटुंब वीस मिनिटांत तोंड पाडून गेटकडं परत येताना दिसतं. पोरगं रडतंय, आजी दमलीय, वडील म्हणतात काहीच नाही ओ इथं बघायला. त्यातल्या बऱ्याच चुका मी पण केल्यात, म्हणून लिहितोय.

पहिली चूक : बाग किंवा झू समजून जाणं

सगळ्यात मोठी चूक हीच आणि बाकीच्या निम्म्या हिच्यातूनच निघतात. घरातून निघताना आपण पोरांना सांगतो, चल तुला मोर दाखवतो, हरिण दाखवतो. पोरगं पिंजऱ्याच्या अपेक्षेनं येतं, दहा मिनिटांत काही दिसलं नाही की विचारतं "कुठंय मोर?" आणि पुढचा तासभर तेच. जंगलातला प्राणी आपल्या वेळेला समोर येऊन थांबत नाही. त्यामुळं प्राण्यांचं प्रॉमिस करू नका, शोधायला काहीतरी द्या. माझ्या पुतण्यांना मी आता चार कामं देतो, एखादं पडलेलं पीस शोधून दाखव (हात लावायचा नाही, घरी न्यायचं तर नाहीच), मुंग्यांची रांग कुठं जाते ते बघ, काट्यांची तीन वेगवेगळी झाडं शोध, आणि डोळे मिटून एक मिनिट किती वेगवेगळे आवाज येतात ते मोज. बाभूळ, बोर, हिवर ही तिन्ही काट्याची झाडं आपल्या भागात भरपूर, पण तिघांचे काटे वेगळे. बाभळीचे लांब, पांढरे, सरळ, बोराचा एक सरळ आणि एक आकडी वळलेला. पोरं यात तासभर रमतात, खरंच रमतात.

मोराचं तर वेगळंच आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात पाहुण्यांना मोर दाखवायला नेलं आणि दिसला तो बिनपिसाऱ्याचा, तर पोरं मानतच नाहीत की हा मोर आहे. पावसाळा संपता संपता मोराचा पिसारा गळतो आणि मग पुढच्या काही महिन्यांत हळूहळू परत येतो. पिसारा फुलवून नाचणारा मोर बघायचा असेल तर मे शेवट ते ऑगस्ट हा काळ, आणि तोही सकाळी लवकर किंवा ढग भरून आलेल्या संध्याकाळी. आवाज मात्र लांबूनही ऐकू येतो, तो ऐकला की थांबा, बोलू नका, पाच मिनिटं नुसतं उभं राहा. थांबत नाही म्हणूनच दिसत नाही बऱ्याच जणांना.

दुसरी चूक : उशिरा निघणं

रविवार म्हणजे आरामात उठायचं, नाश्ता करायचा, दहाला निघायचं. पुण्या-मुंबईत चालत असेल, आपल्या गावात नाही चालत. एका एप्रिलमध्ये आम्ही साडेनऊला आत शिरलो, सोबत साठीची आत्या आणि दोन लहान पोरं. मला वाटलं जंगल आहे, सावली असणार. पण आपल्याकडची झाडं पानगळीची आहेत, रोपवनांत सगळीकडं लावलेली उंदीरमारी म्हणजे गिरीपुष्प थंडी संपता संपता पानं टाकतं, फांद्यांवर गुलाबी फुलं तेवढी राहतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये निंब, करंज अशी मोजकी झाडं सोडली तर सावली नसतेच म्हणा. अर्ध्या तासात आत्या म्हणाली "अरे, गरगरूलालंय मला." चेहरा लाल, घाम थांबलेला. निंबाखाली बसवलं, ओढणी ओली करून मानेला आणि काखेत लावली, थोडं थोडं मीठ-साखरेचं पाणी पाजलं तेव्हा बरं वाटलं, पण ती भीती अजून जात नाही माझ्या मनातून.

म्हणून सांगतो, मार्च ते जून मध्यापर्यंत सकाळी आठ-साडेआठला तुम्ही परत गाडीत बसलेले असायला पाहिजे. मे मध्ये पारा सहज चाळीसच्या वर जातो, लहान पोरं आणि म्हातारी माणसं याला आधी बळी पडतात. माणशी एक लिटर पाणी, घरून भरून, आत मिळेल या भरवशावर जायचं नाही, आणि ओआरएसचं एक पाकीट पर्समध्ये कायम. कोणी बडबडायला लागलं, नीट उत्तर देईना, अंग तापलं पण घाम नाही, तर तो साधा थकवा नाही. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा फॅमिलीसाठी सगळ्यात चांगला काळ. सूर्य उगवल्यावरचे पहिले दोन तास पक्षी भरपूर बोलतात, सातभाईंची टोळी कचाकचा भांडत पाचोळा उपसत असते, कोतवाल तारेवर, भारद्वाज झुडपात, टिटवी उघड्यावर ओरडत. गेटच्या वेळा आणि तिकीट बदलत राहतं, जायच्या आदल्या दिवशी माहिती करून घ्या म्हणजे पोरांना घेऊन बाहेर ताटकळत बसायला नको.

बूट-चपला

स्लिपर घालून येऊ नका. बाभळीचा काटा रबरी स्लिपरमधून आरपार जातो, हे सांगून कोणाला पटत नाही, एकदा टोचल्यावर पटतं. काटा गेलाच तर ज्या कोनात आत गेला त्याच कोनात सरळ बाहेर ओढा, वाकडा ओढला की टोक आत मोडतं. साबणानं धुवा, टोक आत राहिलं असेल तर घरी सुईनं उकरत बसू नका, डॉक्टरकडं जा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते पण विचारा.

छोट्या पोरांना ते चालताना पीं-पीं वाजणारे बूट घालू नका, पुढचे सगळे पक्षी उडून जातात. पावसाळ्यात काळ्या मातीचा एक-एक किलोचा गोळा बुटाला चिकटतो, तेव्हा जुने बूट आणि गाडीत एक जोड एक्स्ट्रा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत वाळतं आणि कुसळं पायमोज्यातून आत घुसतात, तेव्हा फुल पँट, आणि जाड मोजे नकोत, उलट गुळगुळीत कापड बरं.

आवाज

ब्लूटूथ स्पीकर घेऊन येणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. एकदा एका ग्रुपचं गाणं एवढं मोठ्यानं चालू होतं की तिथल्या काकांनी लांबून हाक मारली, "ओ मालक, बंद करा की ते, पाखरं पळाली सगळी." आणि खरंच, त्या गाण्याआधी आम्ही वेड्या राघूंची जोडी बघत होतो, ती गेली ती परत आलीच नाही. फोन सायलेंटवर टाका, पोरांना ओरडू नका असं ओरडून सांगू नका, हळू आवाजात बोलायचा खेळ करा.

खाणं आणि खायला घालणं

कुरकुरे, वेफर्सची पाकिटं हा दुसरा ताप. पाकीट फाडलेला तो छोटा तुकडा असतो ना, तो कोणाच्याच लक्षात राहत नाही आणि तिथंच पडतो. आम्ही आता डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गूळ नेतो, सांडत नाही, उन्हात खराब होत नाही, पोरं पण आवडीनं खातात. खायचं ते शक्यतो फिरून झाल्यावर गेटबाहेर. मोराला, खारीला, कुत्र्याला काही घालायचं नाही, अगदी चपाती पण नाही. एकदा माणसाच्या हातचं मिळालं की प्राणी रस्त्याकडं यायला लागतात आणि पलीकडं विजापूर रोडवरच्या गाड्या कोणासाठी थांबत नाहीत.

पोरांनी तोंडात घातलं तर

हे नीट वाचा. आपल्या भागात बांधावर, कुंपणाला मोगली एरंड सगळीकडं असतो, त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि मग उलट्या-जुलाब चालू होतात. गुंजेच्या लाल-काळ्या बिया दिसायला सुंदर, पण विषारी. धोत्र्याचं फळ विषारी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवत राहायचं आणि डोळ्याच्या डॉक्टरकडं. सोपा नियम घरूनच पाठ करून घ्या, दाखवल्याशिवाय काही तोडायचं नाही आणि बोर ओळखता आलं तरी विचारल्याशिवाय खायचं नाही. कोणी काही खाल्लंच तर मीठपाणी पाजून उलटी काढायच्या नादाला लागू नका, त्या झाडाची फांदी किंवा फोटो घेऊन सरळ दवाखाना.

गाजर गवतात पोरांना लोळू देऊ नका, काही जणांना त्यानं अंगाला खाज आणि शिंका सुरू होतात, माझ्या बहिणीला दर वेळी होतं.

मधमाश्या आणि साप

उंच फांदीला लटकलेलं मोठं काळं मोहोळ दिसलं तर ते आग्या मोहोळ. खाली थांबून फोटो, दगड, धूर, काहीच नाही. गुपचूप लांब व्हा. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, ओढणी किंवा शर्ट डोक्यावर घेऊन, लहान पोराला छातीशी धरून, सरळ लांब पळायचं आणि काचा बंद गाडीत किंवा खोलीत शिरायचं. एक माशी चावली की तिच्या वासावर बाकीच्या येतात, म्हणून तिथंच थांबून काटे काढत बसू नका. सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर नखानं खरवडून लगेच काटे काढा. ओठ-तोंड सुजलं, श्वास लागला किंवा खूप डंख असतील तर घरी थांबायचंच नाही.

सापाची भीती घेऊन जाणं बंद करू नका, फक्त पाय कुठं पडतोय ते बघा. पायवाट सोडायची नाही, दगड उलटायचे नाहीत, पाचोळ्याच्या ढिगात हात घालायचा नाही, झुडपात गेलेला बॉल काठीनं काढायचा. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चार मुख्य विषारी. चावलाच तर पैंजण, अंगठी, घड्याळ काढा, पाय हलवू देऊ नका, उचलून गाडीत घाला आणि सिव्हिल हॉस्पिटल गाठा. घट्ट दोरी बांधणं, ब्लेड मारणं, तोंडानं रक्त ओढणं, मांत्रिक, यातलं काही नाही, आणि साप पकडायला कोणी मागं थांबायचं नाही. नुसता साप दिसला तर मारू नका, दहा पावलं मागं या, तो निघून जातो. प्राणी जखमी दिसला तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

पोरगं दिसेनासं झालं तर

झाडी दाट असली की चार वर्षांचं पोरगं पंधरा पावलांवर पण दिसत नाही. आत शिरतानाच सांगून ठेवा, आम्ही दिसलो नाही तर पळायचं नाही, जवळच्या झाडाला मिठी मारून तिथंच थांबायचं आणि शिट्टी वाजवायची. दहा रुपयांची शिट्टी गळ्यात घाला. हातावर पेननं तुमचा फोन नंबर लिहा. आणि शोधायची वेळ आलीच तर सगळ्यांनी सगळीकडं पळू नका, एक जण शेवटचं जिथं दिसलं तिथं उभा, एक जण गेटवर, बाकीचे शोधायला. रंग पण विचार करून घाला, पक्षी बघायला मळकट रंग बरे म्हणतात ते मोठ्यांसाठी, लहान पोराला मी तर लाल टोपीच घालतो.

आजी-आजोबांना पूर्ण चक्कर मारायला लावू नका

आपण चालत राहतो आणि ते बिचारे मागं राहतात, बोलत नाहीत. जाताना जेवढं चालू तेवढंच परत यायचं असतं हे डोक्यात ठेवा, गुडघे दुखायच्या आधी वळा. त्यांना सावलीत बसवून एक नातू सोबत ठेवला तरी चालतं, झाडांची जुनी नावं त्यांनाच माहिती असतात. आमच्या आत्यानं तरवडाची पिवळी फुलं दाखवून पोरांना सांगितलं होतं की गावाकडं याची पानं उन्हात डोक्यावर ठेवायचे, ते पोरं अजून विसरली नाहीत.

उन्हाळ्यात बिडी-सिगारेट आत अजिबात नको, वाळलेलं गवत एका ठिणगीनं पेटतं आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटवीची, तित्तराची पिल्लं आधी जातात.

घरी आल्यावर पोरांना सोफ्यावर बसू देण्याआधी मोजे बाहेरच काढा, कानामागं, काखेत, गुडघ्यामागं गोचीड बघा. सापडली तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ हळू ओढायची, रॉकेल, काडी लावायची नाही. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना झाडीत जाऊन आलो होतो हे आठवणीनं सांगा. कुसळं हातानं काढल्याशिवाय मोजे मशीनमध्ये टाकू नका, नाहीतर ती बाकीच्या कपड्यांत जातात आणि महिनाभर टोचत राहतात.