सशाच्या टाचा सोलल्या असतील तर आधी जमीन बदला

कुत्र्या-मांजरांच्या पंज्यांखाली गादी असते, सशाच्या नसते. त्याच्या तळपायाला असतात ते फक्त दाट केस. ते झिजले की अंगाचं सगळं वजन टाचेच्या हाडावरच्या पातळ कातडीवर येतं. ससा मागचे पाय लांबच्या लांब टेकवून बसतो, म्हणून जखम बहुतेक मागच्या टाचांनाच होते. इंदूरच्या घरांत तिला निमित्तं भरपूर: गुळगुळीत टाइल किंवा कोटा फरशी, रोजचा फिनाइलचा ओला पोछा आणि दुकानातून आणलेला, तळाला जाळी असलेला पिंजरा. लोक सगळ्यात आधी मलम कोणतं लावायचं ते विचारतात. पण जमीन तीच राहिली तर कुठलंही मलम टिकत नाही, म्हणून कामाचा क्रम नीट लावू या.

पाय कसे बघायचे

आठवड्यातून एकदा बघा, आणि दोघं मिळून बघा. एकानं जमिनीवर बसून सशाला मांडीत घ्यावं, त्याची पाठ आपल्या पोटाला टेकलेली, एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली. त्याला पाठीवर उताणं पाडून ‘गप्प’ करू नका. तो शांत झालेला दिसतो, पण खरं म्हणजे भीतीनं गोठलेला असतो. शिवाय पाय झाडताना सशाचा कणा मोडू शकतो, म्हणून बुडाखालचा हात सोडायचा नाही. दुसऱ्यानं टाचेवरचे केस बोटांनी हलकेच बाजूला करावेत. केसांखाली लहानसा, कोरडा, फिकट घट्टा असेल तर घाबरू नका, तो पुष्कळ सशांना असतो. कातडी गुलाबी-लाल आणि चमकदार दिसली, टक्कल पसरत चाललं असलं, तर तिथूनच काळजी सुरू करायची. खपली, ओल, रक्त किंवा सूज दिसली तर डॉक्टर गाठायचा.

जमीन

आज संध्याकाळीच होण्यासारखं काम म्हणजे जाळी झाकणं. जाळीवर प्लायवूड किंवा जाड पुठ्ठा बसवा आणि त्यावर जुनी गोधडी घाला. सगळ्यात वर फ्लीसचं पांघरूण असेल तर उत्तम, कारण लघवी त्यातून खाली झिरपते आणि वरचा भाग बराच कोरडा राहतो. गोधडीचे टाके उसवले असतील तर ती नको. सशाची नखं दोऱ्यात अडकतात आणि दोरे तो खातोही. गोणपाट आणि खरखरीत कार्पेट याच कारणानं टाळा, शिवाय ते पाय घासून काढतात.

ओल ही जाळीइतकीच वाईट. लघवीचा ट्रे रोज रिकामा करा. ट्रेमध्ये प्लास्टिकची जाळी असेल तर काढून टाका आणि कागदी लिटरवर (ट्रेमध्ये लघवी शोषायला घालतात त्या कागदाच्या गोळ्यांवर) सुकं गवत पसरा. आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा वापरू नका, त्याची धूळ नाकात जाते. ससा फिरतो ती खोली नुसत्या पाण्यानं पुसा, आणि फरशी खडखडीत वाळल्यावरच त्याला सोडा. पावसाळ्यात भिजलेल्या बुडाच्या केसांवर माश्या अंडी घालतात, आणि एका दिवसात अळ्या होऊ शकतात. तेव्हा पाय बघताना बूडही बघा.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा. इंदुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि ससा आपणहून गार फरशी शोधतो. ते त्याचं बरोबरच आहे, त्याला हुसकू नका. एक कोपरा मोकळ्या फरशीचा ठेवा, शेजारी गोधडी ठेवा, निवड त्याची. कूलरचा दमट झोत मात्र थेट गोधडीवर येऊ देऊ नका. गोठवलेली पाण्याची बाटली ठेवत असाल तर ताटलीत ठेवा, नाहीतर तिचं सुटलेलं पाणी नेमकं त्याच्या पायांखाली जातं.

वजन आणि नखं

लठ्ठ सशाच्या टाचा लवकर जातात. मोठ्या जातीच्या आणि रेक्ससारख्या आखूड केसांच्या सशांना हा त्रास जास्त. पाठीवरून हात फिरवल्यावर बरगड्या बोटांना लागायला हव्यात. मुख्य खाणं सुकं गवत, सोबत थोडा पाला. पोहे, शेव, पोळी, बिस्किट मुलांनी कितीही हौसेनं दिलं तरी बंद. गाजर-केळं म्हणजे बोटाच्या पेराएवढा खाऊ. दिवसभर पिंजऱ्यात राहणारा ससा एकाच जागी वजन टाकून बसतो, म्हणून रोज काही तास त्याला मोकळं फिरू द्या.

वाढलेली नखं बोटं वर उचलतात आणि भार मागे टाचेवर ढकलतात. चार ते सहा आठवड्यांनी कापा, पण आतली लाल रक्तवाहिनी सोडून. काळ्या नखांत ती दिसत नाही, मागून मोबाइलचा टॉर्च धरा.

जखम झालीच असेल तर

अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ विरघळवा. गॉज त्यात भिजवून जखम टिपा आणि कोरड्या गॉजनं पूर्ण सुकवा. पाय पाण्यात बुडवून ठेवायचा नाही, भोवतालचे केसही भादरायचे नाहीत, उरलंसुरलं संरक्षण तेच आहे. हळद-तेल, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. स्टेरॉइड असलेलं माणसांचं मलम तर मुळीच नको. घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळीनं ससा मरू शकतो: पोटात गेलेलं हे औषध त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं. बँडेज घरी बांधू नका. ते आवळतं, भिजतं, आणि ससा ते कुरतडतो.

हे सगळं डॉक्टरकडे जाईपर्यंतचं. आधी फोनवर स्पष्ट विचारा, की तुम्ही ससे तपासता का? कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर तपासत नाहीत. महूला, इंदूरपासून साधारण 25 किलोमीटरवर, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येईल. सूज असेल तर एक्स-रे लागतो, कारण संसर्ग हाडापर्यंत उतरू शकतो. सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही, कधी शस्त्रक्रिया करावी लागते. वेदनाशामक डॉक्टरच्या मापानंच द्या. पाय दुखतो म्हणून ससा खाणं सोडतो, आणि दहा-बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद म्हणजे लगेच दवाखाना, रात्र असली तरी.

बरं व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. त्या काळात दुसरा पायही बघत राहा, कारण दुखऱ्या पायाचा भार त्याच्यावर येतो. भरलेल्या जागी केस पुन्हा येतीलच असं नाही, म्हणून गोधडी काढायची नाही.